बाहीआडची जखम : किशोरवयीन मुले स्वतःला इजा का करून घेतात?



काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी एक आई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन माझ्या कार्यालयात आली. बाहेर घामाच्या धारा लागत होत्या आणि मुलीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्या असलेला जाड शर्ट होता. "फादर, हिला तुम्हीच काहीतरी सांगा. आमचं ऐकत नाही," असे म्हणून आईने तिची बाही वर सारली. मी जे पाहिले त्याने गडबडलो आणि गडबडलेला धर्मगुरू जे करतो तेच केले. प्रवचन सुरू केले. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, आईवडील तुझ्यासाठी किती कष्ट घेतात, देवाने दिलेल्या देहाला इजा करणे योग्य नव्हे, वगैरे. दहा-पंधरा मिनिटे बोललो असेन. मुलीने एकदाही वर पाहिले नाही. शेवटी तिने बाही खाली ओढली, "थँक्यू फादर" म्हणाली आणि गेली. पुढचे कित्येक महिने ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला फिरकली नाही.

ही हकिगत त्या दोघींच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पापनिवेदनात ऐकलेले यात काहीही नाही. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या दिवशीचे माझे एकही वाक्य ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला सोडून नव्हते, आणि तरीही त्यातले एकही त्या मुलीच्या कामाचे नव्हते. "बाळा, तुला काय होतंय?" एवढे विचारायचे मी विसरलो होतो.

त्यानंतर मी या विषयावर वाचले, डॉक्टरांना भेटलो, समुपदेशन करणाऱ्या सिस्टरांशी बोललो. त्यातले जे पालकांना, शिक्षकांना आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांना उपयोगी पडेल ते या रविवारी आपल्यापुढे ठेवत आहे.

हे काय आहे आणि काय नाही

आपल्याच शरीराला मुद्दाम आणि बहुतेक वेळा कोणाला कळू न देता जखम करणे, याला मी या लेखात 'स्वतःला इजा करून घेणे' म्हणत आहे. हे वागणे साधारणपणे १२ ते १४ वर्षांच्या आसपास सुरू होते. म्हणजे सातवी, आठवी, नववी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक देशांतील अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी असे केल्याचे दिसले. साधारण सहा मुलांमागे एक. हा आकडा आपल्या धर्मग्रामाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दृढीकरणाच्या वर्गात समोर बसलेली मुले मी एकदा मनातल्या मनात मोजून पाहिली, आणि अर्ध्यावरच थांबलो.

पालकांच्या मनात पहिली भीती येते ती आत्महत्येची. येथे दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, यातल्या बहुसंख्य मुलांना त्या क्षणी मरायचे नसते. उलट असह्य झालेला क्षण कसाबसा पार पाडण्याची त्यांची ती धडपड असते. दुसरी, म्हणून ते किरकोळ आहे असे समजू नये. जी मुले वारंवार असे करतात त्यांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. घाबरून आरडाओरडा करणारे पालक पहिली गोष्ट विसरतात आणि "जाऊ दे, वय आहे" म्हणणारे दुसरी.

मग मुले असे का करतात? कार्यालयात, वाडीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये एक उत्तर हमखास ऐकू येते : "लक्ष वेधून घ्यायला." मला या उत्तराचा मनापासून कंटाळा आला आहे. ज्याला लक्ष वेधायचे आहे तो मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट कशाला घालील? बहुतेक मुले हे महिनोन् महिने लपवतात. आणि समजा एखाद्याने खरोखरच आपले दुःख कोणाच्या नजरेस पडावे म्हणून असे केले, तर ज्या लेकराला आपल्याकडे पाहायला लावण्यासाठी रक्त काढावे लागते, त्याला लक्षाची गरज नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली या वागण्यामागच्या कारणांची एक मांडणी केली. ती आजही अभ्यासकांना उपयोगी वाटते. त्या व नंतरच्या संशोधनातून सर्वांत जास्त पुढे येणारे कारण म्हणजे मनातली तीव्र भावना कमी करणे. राग, लाज, अपराधीपणा, एकटेपणा यांचे दडपण इतके वाढते की ते मुलाला पेलवत नाही. त्याच्यापाशी शब्द नसतात. मग शरीराला होणारी वेदना मनातल्या वेदनेला क्षणभर मागे ढकलते. काही मुलांचे उलट असते. त्यांना काहीच जाणवेनासे होते, सारे सुन्न होते आणि काहीतरी जाणवावे म्हणून ती असे करतात. काही जण स्वतःला शिक्षा देत असतात. कमी गुण, आईवडिलांची भांडणे, मोबाइलवर कोणी केलेली बदनामी, या सगळ्याचा दोष ती स्वतःकडे घेतात. मुलगे बहुधा नजरेतून सुटतात. भिंतीवर मूठ आपटून हात सुजवून घेणाऱ्या मुलाला आपण 'तापट' म्हणतो आणि विषय संपवतो.

मिळणारा आराम फार थोडा वेळ टिकतो. त्याच्या पाठोपाठ लाज येते, लपवालपव येते, नवे अपराधीपण येते. त्यामुळे दडपण आणखी वाढते आणि मन पुन्हा त्याच वाटेकडे वळते. असे करता करता सवय जडते. म्हणूनच "आजपासून बंद कर" असे नुसते सांगून ती सुटत नाही. बुडत्याच्या हातातली फळी कितीही कुजकी असली तरी दुसरे काही हाती दिल्याशिवाय तो ती सोडत नाही.

एका बाईंची साक्ष

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात मार्शा लिनेहान नावाची मुलगी कॅथलिक कुटुंबात वाढली. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील एका मानसोपचार रुग्णालयात दाखल करण्यात आले. ती स्वतःला इतकी इजा करून घेत असे की तिला एकांत खोलीत ठेवावे लागले. डॉक्टरांनी त्या काळी उपलब्ध असलेले उपाय केले, विजेचे झटके दिले, पण फारसा गुण आला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ ती तेथे होती. या नरकातून बाहेर पडेन आणि मग इतरांना बाहेर काढायला परत येईन, असे तिने तेथेच देवाला वचन दिले.

पुढे ती शिकागोला गेली. येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठात शिकली आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९६७ साली शिकागोत सिस्टरांच्या एका चॅपेलमध्ये प्रार्थना करीत असताना, आपण स्वतःवर प्रेम करू शकतो हे तिला प्रथमच जाणवले. त्या अनुभवाविषयी तिने पुढे उघडपणे सांगितले आहे. मात्र एका प्रार्थनेने सगळे दुखणे संपले असे तिने कधी म्हटलेले नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे ती अभ्यास, काम आणि चुका करीत राहिली. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तिने स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी एक उपचारपद्धती तयार केली. तिचा लाभ दाखवणारी पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. 'डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी' किंवा 'डीबीटी' या नावाने ती ओळखली जाते. किशोरवयीनांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे आणि नॉर्वे व अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसून आला आहे. इतकी वर्षे आपली कहाणी लपवून ठेवणाऱ्या या बाईंनी २०११ साली हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयात जाऊन, जमलेल्या लोकांसमोर ती सांगितली.

लिनेहान यांच्या विचारातला एक मुद्दा मला आपल्या घरांसाठी फार मोलाचा वाटतो. काही मुले जन्मतःच हळवी असतात. त्यांना भावना लवकर भिडतात, जोरात भिडतात आणि ओसरायला वेळ लागतो. अशा मुलाला जर सतत असे वातावरण मिळाले की त्याला जे वाटते ते खोटे आहे, तर भावना सांगण्याची आणि सांभाळण्याची कला ते शिकतच नाही. हे वातावरण म्हणजे मारहाण करणारे घरच असले पाहिजे असे नाही. आपली नेहमीची वाक्ये आठवून पाहा. "तुला काय कमी आहे?" "नाटकं पुरे." "आमच्या वेळी असं काही नव्हतं." "एवढ्याशा गोष्टीवरून कोण रडतं?" पहाटेची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या आईच्या तोंडून असे वाक्य निघाले तर मी तिला दोष देणार नाही. ती स्वतःच थकलेली असते. पण मुलाच्या कानी जाते ते एवढेच : तुझे दुःख खरे नाही.

यावर पालक मला विचारतात, "म्हणजे फादर, ते करतात ते बरोबर म्हणायचं?" नाही. 'तुला फार त्रास होत होता हे मला समजतं' आणि 'तू केलंस ते योग्य आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. लिनेहान यांची सारी पद्धत या भेदावर उभी आहे. माणूस आज जसा आहे तसा त्याला स्वीकारायचे आणि त्याच वेळी बदलायला शिकवायचे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांचा 'सुम्मा थिओलॉजिए' वाचत असू. तेराव्या शतकातल्या या पंडिताने दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप आणि स्नान यांचाही समावेश केला आहे. आम्ही विद्यार्थी त्यावर हसत असू. आता हसू येत नाही. दुःख हे ओझ्यासारखे असते, दुसरा कोणी सोबत दुःखी झाला की ते वाटून घेतल्यासारखे हलके होते, शिवाय कोणीतरी आपल्यावर प्रेम करते हे कळून धीर येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्या मुलीला मंदिर व देह यांवर प्रवचन दिले, तेव्हा हे सारे पाठ असूनही मला आठवले नव्हते.

हे पाप आहे का? सैतानाची बाधा आहे का?

हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात, म्हणून टाळत नाही. देह ही देवाची देणगी आहे आणि तिला इजा करणे चांगले नाही, यात शंका नाही. पण एखाद्या कृत्याची जबाबदारी माणसावर किती येते, हा वेगळा प्रश्न आहे. भीती, सवय, मानसिक व सामाजिक कारणे यांमुळे ही जबाबदारी कमी होऊ शकते, अगदी नाहीशीही होऊ शकते, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील १७३५ व्या परिच्छेदात स्पष्ट केलेले आहे. जे मूल आधीच स्वतःला वाईट समजून शिक्षा करीत आहे, त्याच्यावर 'पाप' हा शब्द फेकणे म्हणजे त्याच्या हाती आणखी एक कारण देणे होय.

बाधेबद्दल बोलताना लोक मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुढे करतात. गरसेकरांच्या देशातला तो माणूस रात्रंदिवस थडग्यांत ओरडत फिरे आणि दगडांनी स्वतःला जखमा करून घेई. शुभवर्तमानातील या उताऱ्यावरून आपल्या मुलाला अशुद्ध आत्मा लागला आहे असा निष्कर्ष काढून त्याला या प्रार्थनास्थळातून त्या प्रार्थनास्थळाकडे फिरवू नका. मी अशी मुले पाहिली आहेत. उपचार लांबतात आणि आपल्यात काहीतरी भयंकर आहे हे मुलाच्या मनावर पक्के ठसते. तोच अध्याय पुन्हा सावकाश वाचा. गावकऱ्यांनी त्या माणसाला बेड्या-साखळ्यांनी बांधून पाहिले होते. येशूने त्याला त्याचे नाव विचारले. शेवटी तो माणूस कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, शांत बसलेला दिसतो आणि येशू त्याला त्याच्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. प्रार्थना जरूर करा, मिस्साला या, मीही तुमच्या घरी येईन. पण डॉक्टरांकडे जाणे त्यासाठी थांबवू नका.

घरी कळले तर

बहुधा हे अचानक कळते. आंघोळीच्या वेळी, कपडे धुताना, शाळेतून आलेल्या फोनवरून. त्या क्षणी तुमचा चेहरा मूल वाचत असते. जखम ताजी असेल तर आधी ती शांतपणे धुवा, औषध लावा, खोल असेल तर दवाखान्यात न्या. प्रश्न नंतर. एलिया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. मग पुढच्या प्रवासाचे बोलणे झाले. जेवायला वाढणे हासुद्धा संवाद आहे.

नंतर एकट्याने, उभ्याउभ्या नव्हे तर शेजारी बसून, विचारा. "का केलंस?" या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नसते. त्यापेक्षा "त्या दिवशी काय झालं होतं?" हे सोपे जाते. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. मोडलेली शपथ मूल लपवते आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. रोज बाह्या वर करून तपासणी करू नका. मोबाइल जप्त करणे हा आपला आवडता उपाय आहे, पण कधी कधी रात्री अकरा वाजता त्याच्याशी बोलणारी एकमेव मैत्रीण त्या मोबाइलमध्ये असते.

एक प्रश्न मात्र थेट विचारायलाच हवा : "मरून जावं असं तुझ्या मनात येतं का?" असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसतो, ही समजूत चुकीची आहे. संशोधनात तसे आढळलेले नाही, उलट बोलता आल्याने मुलाला हायसे वाटते. उत्तर 'हो' असेल, किंवा मूल निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरातली औषधे आणि वाडीतली फवारणीची औषधे कुलपात ठेवा.

तसे नसले तरी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांना दाखवायला हवेच. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ ही मदतसेवा आहे. पोलीस केस होईल या भीतीने काही पालक रुग्णालय टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. काही मुलांच्या जखमांमागे कोणाचा तरी वाईट स्पर्श असतो. तो माणूस नात्यातला असो, शिकवणीतला असो, की चर्चमधला असो, मुलावर विश्वास ठेवा आणि १०९८ ला किंवा पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते आपणा सर्वांवर, माझ्यावरही, बंधनकारक आहे. 'चर्चची बदनामी होईल' हे कारण माझ्याकडे घेऊन येऊ नका.

हे पत्रक वाचणाऱ्या मुलामुलींनो, मैत्रिणीने 'कोणाला सांगू नको' म्हणून हात दाखवला असेल, तर ते गुपित एकट्याने सांभाळू नका. तुमच्या विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. ती काही दिवस रागावेल. रागावू द्या. आणि तुम्ही स्वतः त्यातून जात असाल, तर ज्या वेळी दडपण चढते ती लाट बहुधा थोड्या वेळात ओसरते, एवढे लक्षात ठेवा. थंड पाण्याने तोंड धुणे, अंगणात भराभर फेऱ्या मारणे, जो कोणी जागा असेल त्याच्या शेजारी जाऊन बसणे, यांनी तो वेळ निघतो. माझ्याकडे यायचे असेल तर या. प्रवचन देणार नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीवर पुढे डॉक्टरांकडे उपचार झाले. मध्ये दोनदा ती पुन्हा त्या वाटेने गेली, पण उपचार सोडले नाहीत. आज ती कॉलेजात आहे. कशाने फरक पडला असे मी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, मी रात्री वाल सोलायला बसायची. टीव्ही बंद करून. ती येऊन बसायची. पहिले कित्येक दिवस काहीच बोलली नाही, नुसती सोलत बसायची. मग एकदा म्हणाली, मम्मी, आज वाईट दिवस गेला."

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात पालकांसाठी बैठक ठेवली आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर प्रश्नांना उत्तरे देतील. नाव न लिहिता प्रश्न विचारायचा असेल तर कार्यालयाबाहेरच्या पेटीत चिठ्ठी टाकावी. ती पेटी मी स्वतः उघडतो. वडिलांनीही यावे. मागच्या बैठकीला फक्त आया आल्या होत्या.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू